रेडिओचा कान

तान्ह्या पोळ्याच्या दिवशी हलवला दवाखाना.
त्या दिवशी गावात कुणी आजारी पडत नाही.
पोट्टे लाकडी बैल ओढत दारोदार बोजारा मागतात,
म्हाताऱ्यांचा खोकलाही तेवढ्यापुरता दम खातो.

तीस वर्षं. नाही, एकतीस.
लढ्ढांच्या बंद जिनिंगमागच्या दोन खोल्या,
वर टिनं, खाली शहाबादी,
आणि सरकीचा वास
खोकल्याच्या औषधालासुद्धा.

सामान निघालं ट्रॉलीत. टेबल निघेना.
ते आत आलं तेव्हा दार रुंद होतं,
मग पुराच्या साली चौकट कुजली,
सावजीनं नवी बसवली, वीतभर लहान,
आणि टेबल आतच राहिलं. माझ्यासारखं.
वामन झोडेनं पाय कापायला करवत काढली.
निमजे मॅडम म्हणाल्या, थांब.
ह्याच्यावर अर्धं गाव निजून गेलंय.
चौकट काढ.

रिकाम्या खोलीत तेवढा पट्टा उरला,
बाकामागच्या भिंतीवर, टेकलेल्या डोक्यांच्या उंचीला,
तेलाचा, काळा.
दर दिवाळीला चुना मारायचो,
संक्रांतीपर्यंत तो परत वर यायचा.
त्याच्या खाली एक फिका. लेकरांचा.

मधली भिंत म्हणजे प्लायची फळी होती, छतापर्यंत न पोचणारी.
आत एखादी बाई बोलायला लागली
की मॅडम खाकरायच्या,
आणि मी इकडे रेडिओचा कान पिळायचो.
नागपूर केंद्र. बाजारभाव.
तूर, हरभरा, कापूस लांब धागा,
असा दणदणीत
की बाकावरची माणसं रांग विसरून भावावर भांडत.
त्यांना काही ऐकू गेलं नाही, कधीच.
मी मात्र फळीला लागून बसायचो,
पुड्या बांधत.

कुणाची पाळी चुकली,
कुणाच्या पाठीवर कशाचे वळ,
कुणी झोपेच्या गोळ्या मागितल्या, आणि किती.
रस्त्यानं जाताना मी खाली बघून चालायचो.
लोक म्हणत, कंपाउंडरले लय गुर्मी हाय.

नवा दवाखाना डांबरी सडकेला लागून.
खिडक्या तीन, संडास दोन, एकावर बाईचं चित्र.
पायऱ्यांच्या बाजूनं उतार.
परसराम ठावरी,
अंगावरून वारं गेल्यापासून सहा वर्षं
बंडीतच तपासला जायचा:
नाडी मॅडमच्या हातात, छत्री माझ्या.
आज नातवानं चाकाची खुर्ची ढकलत वर आणला.
दारात पोचला आणि म्हणाला,
"खाली ने बे. पुन्यांदा ने."
तीनदा चढला. मगच बीपी मोजू दिला.
बीपी अर्थातच वाढलेला.

मग यशोदी आली,
चार महिने नुसती डोकेदुखीची गोळी नेणारी.
आत गेली.
दार लागलं.
अख्खं दार, वरपासून खालपर्यंत.

खाकरा आला नाही.
तरी माझा हात डावीकडे गेलाच.
तिथं टोकन मशीन होतं.
रेडिओ खोक्यात, वायर पोटाशी गुंडाळून,
जुन्या कॅलेंडरांखाली.

वीस मिनिटं झाली. पंचवीस.
पंख्याचा आवाज, बाहेर ट्रॅक्टर.
एवढ्या वर्षांत पहिल्यांदा
ह्या गावातलं काहीतरी मला माहीत नव्हतं,
आणि खरं सांगतो,
आधी थोडा रागच आला.

बाहेर आली. डोळे सुजलेले, पदर नीट.
चिठ्ठी दिली माझ्या हातात.
औषध काहीच नव्हतं.
पुढचा मंगळवार, अकरा वाजता,
एवढंच.

संध्याकाळी पुलाजवळ दिसली, डोक्यावर तुराट्यांचा भारा.
"घरी चालले का, कंपाउंडर?"
मी वर बघितलं.
"हाव," म्हणालो.